थेंबाच्या पोटात चुंबक

कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक फिरवायचा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत खेळला असेल. हात न लावता कीस हलतो, त्याचीच गंमत. हाच खेळ एखाद्या सूक्ष्म थेंबाच्या आत खेळायचा झाला तर?

१९४७ साली फ्रान्सिस क्रिक केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत आले, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते आणि जीवशास्त्राशी त्यांची जेमतेम ओळख होती. युद्धापूर्वी लंडनमध्ये ते तापलेल्या पाण्याचा चिकटपणा मोजत. इतका कंटाळवाणा विषय दुसरा नसेल, असे त्यांचेच मत. बाँबहल्ल्यात ते उपकरण नष्ट झाले, याचे त्यांना फारसे दुःख झालेले दिसत नाही! युद्धकाळ नौदलाच्या चुंबकी सुरुंगांवर गेला. केंब्रिजमध्ये चिकटपणा आणि चुंबक, दोन्ही पुन्हा पुढ्यात आले.

प्रश्न असा होता की, जिवंत पेशीच्या आत जे भरलेले असते, ते पातळ की घट्ट? सुईने ढवळून पाहावे तर पेशीच फाटायची. क्रिक आणि आर्थर ह्यूज यांनी कोंबडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांच्यासमोर चुंबकी कण ठेवले. पेशी ते आपणहून गिळत. मग बाहेरून चुंबकाच्या जोरावर कण पिळायचा, ओढायचा, ढोसायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. चुंबकाचा जोर काढला की पिळलेला कण थोडा उलटा फिरे. आत नुसते पाणी असते, तर तो होता तिथेच थांबला असता. म्हणजे आतला पदार्थ थोडा लवचीकही होता. १९५०च्या शोधनिबंधात दोघांनी पेशीच्या अंतरंगाला आईच्या शिवणाच्या डब्याची उपमा दिली. मणी, बटणे, टाचण्या, दोरे, सगळे एकात एक. शास्त्रीय निबंधात इतकी घरगुती उपमा क्वचितच भेटते.

पण ते कण जाडेभरडे होते. पुढचे पाऊल पडले ते भलतीकडेच. १९६३ साली अमेरिकेत नासाचे स्टीव्ह पॅपेल वेगळ्याच विवंचनेत होते. अवकाशात वजन नसते, मग टाकीतले इंधन इंजिनाकडे आणायचे कसे? त्यांनी मॅग्नेटाइट अतिशय बारीक दळले आणि ओलिक आम्लाच्या साहाय्याने ते इंधनात तरंगते ठेवले. रॉकेटसाठी ती युक्ती रुजली नाही. चुंबकाकडे धावणारा द्रव मात्र हाती लागला. अशा द्रवातले कण साधारण १० नॅनोमीटरचे असतात. मिलिमीटरचे १० लाख भाग केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर.

दुधात स्निग्धाचे थेंब असतात, तसा या चुंबकी तेलाचा एकच थेंब कॅलिफोर्नियातील ओत्जेर काम्पास यांच्या चमूने झेब्राफिश माशाच्या भ्रूणात, पेशींच्या मधोमध सोडला. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झाले. सुई लागली, ती थेंब सोडण्यापुरतीच. चुंबक जवळ आणला की थेंब लांबुळका होतो. तो किती वेगाने ताणला जातो आणि सोडल्यावर कितपत मागे येतो, यावरून भोवतालचा घट्टपणा कळतो. पुढच्याच वर्षी या पद्धतीतून दिसले की, वाढत्या शेपटीच्या टोकाशी पेशींचा समूह द्रवासारखा सरकतो आणि जिथे पुढे मणके व्हायचे, तिथे तो घट्ट बसत जातो.