खिडकीखालची जागा

१९६९ च्या नोव्हेंबरात मी सोलापूरहून ब्रॅडफर्डला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत चार सोलापुरी चादरी होत्या. ह्यांना इथल्या एका लोकरीच्या गिरणीत नोकरी लागून वर्ष झालं होतं. मॅनिंगहॅममध्ये एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या, धुराने काळ्या पडलेल्या दगडी घरांच्या रांगेत एक मागची खोली भाड्याने घेतलेली होती. थंडी म्हणजे मला माहेरच्या अंगणातली पौषातली पहाट तेवढी ठाऊक. बंब पेटवायचा, तो तापेपर्यंत त्याला लागून बसायचं, आणि घंगाळात पाणी काढलं की थंडी संपली.

त्या खोलीतली थंडी संपत नसे. भिंतीतली जुनी शेगडीची जागा फळी मारून बंद केली होती आणि तिच्यापुढे गॅसची शेगडी बसवली होती. मीटरमध्ये शिलिंग टाकलं की ती पेटे आणि शिलिंग संपलं की विझे. म्हणून घरात रॉकेलचा हीटर ठेवला होता. इथे रॉकेलला पॅराफिन म्हणत. एका कंपनीचं गुलाबी, दुसरीचं निळं. कुठलं चांगलं यावर बायका तावातावाने बोलत. एक लिटर रॉकेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत उतरतं, हे मला पुढे नोकरीत कळलं. तेव्हा एवढंच दिसे की सकाळी भिंती घामेजलेल्या आहेत आणि खिडकीच्या काचेवर, आतल्या बाजूने, बर्फाची नक्षी उमटली आहे. हीटरपुढे बसलं की पुढून भाजायचं आणि पाठ गारठायची. चारांतल्या दोन चादरी मी खिडकीला लावल्या होत्या.

१९७३ साली मला एका हीटिंग कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात काम मिळालं. घराचा नकाशा समोर घ्यायचा. प्रत्येक खोलीच्या भिंती, काच, छत, जमीन मोजायची. बाहेर पाणी गोठण्याइतकी थंडी असताना यातून किती उष्णता निसटेल ते काढायचं. आणि तेवढी परत देणारा रेडिएटर नेमायचा. हिशेब बीटीयू या उष्णतेच्या ब्रिटिश एककात. हातात मिअर कॅल्क्युलेटर नावाची गोल फिरती चकती. ती फिरवता फिरवता मला इंग्रजांची घरं आतून कळली. आणि एक नियम पहिल्याच दिवशी शिकवला गेला: रेडिएटर खिडकीखाली. एकेरी काचेला लागून हवा गार होते, जड होऊन खाली घसरते आणि जमिनीवरून घोट्यांपर्यंत सरपटत येते. खिडकीखाली रेडिएटर असला की त्याची वर जाणारी ऊन हवा या गार हवेला वाटेतच गाठते. मी शेकडो नकाशांवर खिडकीखाली तो लांबट आयत काढला. त्या नियमाचं पुढे काय झालं, तेच मला सांगायचं आहे.

आगीपासून दूर उष्णता न्यायची युक्ती जुनी आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या अँजिअर पर्किन्स या अमेरिकन माणसाने १८३१ मध्ये बारीक, जाड भिंतीच्या लोखंडी नळ्यांतून प्रचंड दाबाखाली गरम पाणी फिरवण्याचं पेटंट घेतलं. वास्तुविशारद जॉन सोन याने आपल्या लंडनच्या संग्रहालय-घरात लगेच ती पद्धत बसवून घेतली. पण त्या नुसत्या नळ्या होत्या. भिंतीशी उभं राहून उष्णता देणारं वेगळं पात्र १८५५ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रांझ सान गाल्ली याने घडवलं. रशियाच्या हिवाळ्यात ही कल्पना सुचणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. अमेरिकेत जोसेफ नॅसन आणि रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८६३ मध्ये ओतीव लोखंडाच्या पायात लोखंडी नळ्या आटे पाडून उभ्या बसवल्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आज दुकानदार उभ्या नळ्यांचा रेडिएटर अगदी नवा म्हणून दाखवतात. १८७४ मध्ये नेल्सन बंडीने तो ओतीव लोखंडात आणला आणि साच्यातून एकामागून एक भाग काढून हवे तेवढे जोडता येऊ लागले.

पुढे अमेरिकन रेडिएटर कंपनीची इंग्रजी शाखा आमच्याच यॉर्कशरच्या पूर्व टोकाला, हल शहरात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी राहिली. धंदा इतका वाढला की १९२९ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसजवळ तिने काळ्या ग्रॅनाइटचं, सोनेरी नक्षीचं आयडियल हाऊस बांधलं. मूळ कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या १९२४ च्या काळ्या-सोनेरी इमारतीचं ते धाकटं भावंड. वास्तुकार तोच, रेमंड हूड. लंडनला गेले की मी अजून मान वर करून ते बघते.

पण ते रेडिएटर गेले कुठे? शाळा, दवाखाने, कचेऱ्या, श्रीमंतांच्या हवेल्या. ब्रॅडफर्डच्या रांगेतल्या घराला त्यातला एकही मिळाला नाही. कोळसा स्वस्त होता, तळघरात ओतला जात होता, आणि उघड्या आगीभोवती बसण्यात या लोकांचा जीव होता. हे मी नावं ठेवण्यासाठी म्हणत नाही. आमच्या शेजारची म्हातारी सकाळी उठून शेगडीतली राख काढायची, जाळी काळ्या पॉलिशने चमकवायची, आणि त्यातली निष्ठा माझ्या आईने चूल सारवण्यात ओतली तेवढीच होती.

ती आग घरातून काढली ती धुराने. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुकं बसलं. त्या वेळी चार हजार माणसं दगावल्याचं सांगितलं गेलं; नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा त्यातूनच आला. १९६१ मध्ये पार्कर मॉरिस समितीने नव्या घरांसाठी माप घालून दिलं: बाहेर उणे एक अंश सेल्सिअस असताना बैठकीच्या खोल्या १८ अंशांपर्यंत आणि स्वयंपाकघर व जायची-यायची जागा १३ अंशांपर्यंत तापायला हवी. मग १९६७ मध्ये उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू किनाऱ्याला लागला, आणि पुढच्या दहा वर्षांत घरोघर जाऊन माणसांनी प्रत्येक शेगडीचे बर्नर या नव्या वायूसाठी बदलले. आमच्या गल्लीत ते आले तेव्हा मी त्यांना चहा दिला होता. विजेचा छोटा पंप, बारीक तांब्याच्या नळ्या आणि पत्रा दाबून केलेले चपटे, हलके रेडिएटर तोवर हाताशी आले होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या घरांतच सेंट्रल हीटिंग होतं. नंतरची वाढ माझ्या डोळ्यांसमोर, बरीचशी माझ्या हाताखालून झाली.

१९७६ मध्ये आम्ही आत्ताचं घर घेतलं आणि त्यात सात रेडिएटर बसवले, साती खिडक्यांखाली. आकडेमोड माझी. बॉयलर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा ह्यांनी प्रत्येक खोलीत जाऊन पत्र्यावर हात ठेवला, आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "अगं, आग एका कोपऱ्यात आणि ऊब घरभर!" बंबात पाण्याच्या पोटात आग असते. इथे पाणी आगीची भेट घेऊन घरभर हिंडून येतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे घर आपलं आहे.

त्यानंतर घरं बदलत गेली. दुहेरी काच आली. २००२ पासून तर इंग्लंडमध्ये खिडकी बदलताना उष्णता राखणारी काच लावणं नियमानेच भाग पडलं. माळ्यावर लोकर अंथरली गेली. काचेवरून घसरणारी गार हवा जवळजवळ थांबली, आणि ज्या कारणासाठी रेडिएटर खिडकीखाली होता ते कारणच उरलं नाही. दुसरीकडे स्वयंपाकघरातली कपाटं भिंतीला खिळली आणि पुढची-मागची खोली एक करण्यासाठी मधली भिंत पाडली जाऊ लागली. लांबट रेडिएटरला मोकळी भिंत राहिली नाही. उरल्या त्या दारांमधल्या, कोपऱ्यांतल्या अरुंद पट्ट्या, हातभर रुंद आणि छतापर्यंत उंच. स्वित्झर्लंडमध्ये झेंडर कुटुंबाच्या कारखान्यात १९३० मध्येच पोलादी नळ्यांचा रेडिएटर तयार झाला होता, हव्या त्या उंचीचा करता येईल असा. त्याच्या जातीचे रेडिएटर आता घराघरांत उभे राहिले. लोक याला फॅशन म्हणतात. रंगांची फॅशन असेल. उभेपणा आला तो काचेतून आणि पाडलेल्या भिंतींतून.

गेल्या वर्षी आमच्याही मधल्या भिंतीची पाळी आली. नातीने माहितीपत्रक आणलं. "आजी, हा बघ, कोळशाच्या रंगाचा!" अठराशे मिलिमीटर उंच, एकपदरी. मी चष्मा लावून आधी वॉट शोधले. खोलीला हवे होते सुमारे १,०००; पत्रकात छापलेले १,१००. नातीला वाटलं, झालं काम. पण तो आकडा युरोपीय मानकाचा असतो: पाणी ७५ अंशांनी आत, ६५ ने बाहेर, खोली २०, म्हणजे फरक ५० चा. आमचा नवा बॉयलर ५५ अंशांवर चालतो, कारण पाणी पुरेसं गार होऊन परतलं तरच तो जळलेल्या वायूतल्या वाफेची उष्णता वसूल करतो. पाणी ५५ ने आत, ४५ ने बाहेर, म्हणजे फरक ३० चा. अशा वेळी रेडिएटर छापलेल्याच्या निम्मंच देतो. हाती येणार जेमतेम साडेपाचशे. शेवटी दुपदरी घेतला, २,००० वॉटचा. रंग तिचा, आकडा माझा. शिवाय उभ्या रेडिएटरच्या नळ्यांमधून वर जाणारी हवा माथ्यापर्यंत आधीच तापलेली असते, म्हणून वरचा भाग कमी काम करतो आणि ऊन हवा छताशी गोळा होते. आमचं छत उंच आहे, म्हणून खोलीच्या त्या १,००० मध्येच मी थोडं जास्त धरलं होतं.

रिकामाच तो चाळीस किलोच्या वर. पाणी भरल्यावर पन्नाशी पार. कोपऱ्यातल्या भिंतीवर जिप्सम बोर्ड, त्यामागे पोकळी, त्यामागे दगड. बोर्डावर टांगला असता तर बोर्डासकट खाली आला असता. लांब बोल्ट थेट दगडात रोवून घेतले.

बसवणारा मुलगा कष्टाळू होता, पण रेडिएटर सुरू केला तर कमरेपर्यंत गरम आणि वर गार. त्याने वरच्या कळीतून तीनदा हवा काढली. तिन्ही वेळा हवेऐवजी पाणीच आलं. मी त्याला म्हटलं, बाळा, फुस्स आवाज नाही म्हणजे आत हवा नाही. याच्या दोन्ही नळ्या खालीच जोडतात, म्हणून आत एका बाजूच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते; ती पाण्याला वर चढायला लावते. पाणी त्याच बाजूने आत यायला हवं. दुसरीकडून आलं तर तळातल्या तळात आडवं जाऊन परत फिरतं. बॉयलर गार करून पुन्हा लावला आणि दोन्ही नळ्यांवर हात ठेवून उभी राहिले: आधी गरम झाली ती चुकीची बाजू. त्याने जोडण्या उलट केल्या. दहा मिनिटांत माथा तापला.

देखभालीचं थोडं. वर गार असेल तर हवा, खाली गार असेल तर गाळ. हा गाळ शाईसारखा काळा असतो. पाण्याने आतून खाल्लेलं पोलाद. जुना रेडिएटर उतरवताना बादलीभर निघाला, चुंबक लावलं तर मिशीसारखा चिकटला. नवा जोडण्याआधी सगळ्या नळ्या धुऊन घ्याव्यात, पाण्यात गंजरोधक घालावं आणि ते दर वर्षी तपासावं. हवा काढताना पंप बंद. नळ्यांमधली धूळ बाटली धुवायच्या लांब ब्रशने निघते. कडक पावडरीने मात्र रंग जातो.

खिडकीखालचा जुना रेडिएटर काढला तेव्हा त्याच्यामागे १९७६ चा भिंतकागद निघाला, नारिंगी-तपकिरी फुलांचा. पुढे तीनदा खोली सजवली, पण रेडिएटरच्या मागे हात घालायचा कंटाळा ह्यांनी प्रत्येक वेळी केला. तो चौकोन मी खरवडू दिला नाही.

तिथे आता लाकडी बाक आहे. जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, मी त्यावर काचेला पाठ लावून बसते. मांडीवर चादर असते, चारांतली शेवटची. पाठीला ती लागत नाही.