मारोसाँचे तीन रंग

सकाळपासून तुमची कंबर सरळ झालेली नाही. डाव्या हातात घड, उजव्या हातात कात्री, पायाखाली तापलेले खडे. दक्षिण फ्रान्समधल्या बेझिए शहराजवळचं, ऑर्ब नदीकाठचं हे मारोसाँ गाव, साल 1906, महिना सप्टेंबरचा. इथल्या वेलींना मांडव नाही. गुडघ्याएवढी बुटकी झुडपं आहेत, त्यामुळे उभ्याने तोडणी हा प्रकारच नाही.

एक घड तुमच्या नजरेतून सुटतो. मागून येणारा पोरगा तो तोडतो, मुठीत कुस्करतो आणि सरळ तुमच्या गालांना फासतो. सगळी ओळ हसते. रीत खरी पोरांनी पोरींना फासायची, पण पाहुण्याला कोण सोडतो?

रस पुसलात की बोटं बघा, लालभडक झालीत. हा अलिकांत बूशे. काळ्या द्राक्षांचा रंग एरवी सालीत असतो, आतला गर पांढुरकाच. याचा मात्र गरच लाल. आँरी बूशे नावाच्या माणसाने संकर करून ही जात तयार केली. शेजारच्या तुकड्यात आरामों आहे. तो घडांनी लगडतो, पण वाइन होते ती फिकी, पाणचट. पलीकडचा कारिन्याँ आंबट, तुरट, अंगात जोर असलेला. एकेकटा यातला कुणीच पुरा पडत नाही.

या वेलींची मुळं अमेरिकन आहेत. फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्सचे मळे मुळापासून खाल्ले, तेव्हा शेतकऱ्यांनी कर्ज काढून अमेरिकन खुंटांवर कलमं बांधली. मळे पुन्हा उभे राहिले, पीक भरभरून आलं आणि 1900-1901 मध्ये भाव कोसळले. ज्याच्याकडे वाइन साठवायला जागा नाही, त्याला थांबता येत नाही. व्यापारी म्हणेल तो भाव घ्यायचा. हे तुम्हाला समजावून सांगायला नको. कांदा ओतून रिकाम्या खिशाने बाजार समितीतून परतलेला माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

मारोसाँच्या छोट्या शेतकऱ्यांनी 1901 साली संस्था काढली. नाव ठेवलं ‘ले व्हिन्यरों लिब्र’, म्हणजे स्वतंत्र द्राक्षकरी. वाइन ज्याने त्याने घरी करायची, विकायची मात्र एकत्र. गिऱ्हाईकही आपल्यासारखंच शोधलं, पॅरिसमधल्या कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्था. मधला व्यापारी गेला. 1905 मध्ये सामाईक वाइनघर बांधून झालं. समाजवादी नेता झाँ जोरेस त्याच वर्षी इथं येऊन गेला आणि आपल्या ‘ल्युमानिते’ या दैनिकात त्याने या गावाबद्दल लिहिलं.

आता घोडागाडीबरोबर चालत त्याच इमारतीपाशी या. दर्शनी भिंतीवर अक्षरं कोरली आहेत. सगळे प्रत्येकासाठी, प्रत्येक जण सगळ्यांसाठी. गाडी काट्यावर लागते, वजन होतं, सभासदाच्या नावापुढे आकडा चढतो. एका म्हाताऱ्याची चारच लाकडी घमेली आहेत. तीही त्याच हौदात जातात, जिथं आत्ताच दुसऱ्याची अख्खी गाडी रिकामी झाली. त्याची द्राक्षं यातली कोणती, हे आता त्यालाही सांगता येणार नाही. मला या गावातलं सगळ्यात मोलाचं दृश्य हेच वाटतं. चार घमेल्यांच्या धन्याला आज व्यापाऱ्यापुढे टोपी काढून उभं राहावं लागलेलं नाही.

आत अंधार आहे, गारवा आहे आणि आंबलेल्या रसाचा दर्प डोक्यात जातो. रिकाम्या हौदात उतरण्याआधी एक जण दोरीला बांधलेली पेटती मेणबत्ती आत सोडतो. ती विझली तर उतरायचं नाही, कारण आंबवणातला जड वायू तळाशी साचून माणसाचा जीव घेतो. आज ज्योत तेवत राहते. तो खराटा घेऊन उतरतो.

नव्या रसासाठी जागा हवी, म्हणून गेल्या हंगामातली उरलेली वाइन आज जुळवून रवाना होणार आहे. फळीवर तीन सुरया मांडल्या आहेत. फिका आरामों आधी आणि सर्वांत जास्त, त्यावर कारिन्याँ, शेवटी अलिकांत अगदी बेताने. पेला खिडकीपाशी धरतात, हुंगतात, घोट घेऊन थुंकतात, पुन्हा चमचाभर कारिन्याँ घालतात. घरोघरी वाइन व्हायची तेव्हा एका पिंपाची चव दुसऱ्या पिंपाला नसायची, आणि पॅरिसच्या बिऱ्हाडात तर मागच्या वेळी आवडली तीच परत हवी असते. म्हणून या मिश्रणावर इतका वेळ जातो.

गालाला रस फासणारा पोरगाही इथं आला आहे. लवकरच त्याला सक्तीच्या लष्करी सेवेत जायचं आहे. पुढच्या जूनमध्ये इथून जवळच, नारबोनला, द्राक्षकऱ्यांच्या आंदोलनात उतरलेल्या लोकांवर सैन्य गोळ्या झाडेल. ते ऐकून 17 व्या पलटणीतले पाचशेच्या आसपास शिपाई, याच भागातली द्राक्षकऱ्यांची पोरं, बंड करून आगदहून रातोरात बेझिएला चालत येतील, बंदुकांचे दस्ते वर करून. तुम्हाला हे ठाऊक आहे. त्याला नाही, आणि तुम्ही सांगतही नाही.

तो पेला तुमच्या हातात देतो. आधी पिकलेल्या फळाची चव लागते, मग जिभेच्या कडांना कारिन्याँचा तुरटपणा.

‘‘पॅरिसला आवडेल?’’ तो विचारतो. बाहेर काट्यावर पुढची गाडी लागते.