भोंगा, घड्याळ आणि रविवार

जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेवर जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा नागपूर नगरीत यंत्रांबरोबर एक नवी वेळही आली. तोवर इथला कोष्टी मागावर बसे तो स्वतःच्या हिशोबाने. लुगड्याचा काठ मनासारखा उतरेपर्यंत तो खपे. उतरला की उठे. कष्ट थोडे नव्हते, परंतु कामाचा शेवट त्याच्या नजरेला दिसत असे.

गिरणीत काम तासांनी मोजले जाऊ लागले आणि मजूर वरचेवर गैरहजर राहू लागले. याला आळस म्हणणे सोपे आहे. आम्हांस वाटते, पोटापुरते मिळाले की शेताला, सणाला, सोयऱ्यांना वेळ द्यावा, ही त्यांची काळाविषयीची समजूतच निराळी होती. जमशेटजींनी दंडाचा बडगा उगारला नाही. १८८६ साली निवृत्तिवेतन निधी स्थापन झाला, पुढे अपघाताची भरपाई आली, आणि बक्षीस समारंभांत मजुरांना इनामे मिळू लागली. त्या इनामांत घड्याळेही असत. हेतू निःसंशय उदार. परंतु मजुराच्या घरात घड्याळ गेले ते गिरणीच्या हातून, हे विसरता येत नाही.

मुंबईची रीत अधिक कठोर. कापडात दोष निघाला की तो तागा विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून कापली जाई. दोष हाताचा की निकृष्ट सुताचा, हे कोण पाहणार? कोष्ट्याला काठ नीट यावा असे वाटे ते आवडीपोटी. इथे निर्दोषपणा भयापोटी शिकवला गेला.

या मजुरांसाठी महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी पुढे केले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांच्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकाने कामगाराच्या विश्रांतीचा हक्क जगापुढे मांडला. आमच्या पुष्कळ कुटुंबांस रविवारची सुटी मिशनऱ्यांनी दिली असे वाटते. ती एका सत्यशोधकाने मिळवली आहे!

आठवड्याचा एक दिवस सुटला, तरी उरलेले सहा लांबतच गेले. पूर्वी सूर्य मावळला की यंत्रे थांबत. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचे दिवे आले आणि मुंबईच्या काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांस बारा तासांची मर्यादा घातली. आठवड्याचे ४८ तास यावयास १९४६ साल उजाडले.

एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. आज नागपूरच्या मिहान वसाहतीतील संगणक कंपन्यांत आमच्या ख्रिस्ती घरांतीलही मुले-मुली आहेत. तेथे काम सुटल्याचा भोंगा वाजत नाही. काम फोनमधून घरी, जेवणाच्या ताटापर्यंत येते. दोष काढणारा मुकादमही आता मनातच बसला आहे, आणि तो रात्री दोन वाजताही ‘आणखी एकदा तपासून पाहा’ म्हणतो. कामाच्या वेळेबाहेर आलेला फोन न घेण्याचा हक्क नोकरदारांस असावा, असे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.