वेड आणि ताट

वेडाचें मूळ मनांत शोधावें कीं ताटांत, हा प्रश्न अमेरिकेच्या दक्षिण भागांत एका रोगानें उभा केला. पेलाग्रा हें त्याचें नांव. आधीं कातडी सोलवटते, मग अतिसार जडतो आणि शेवटीं बुद्धिभ्रंश होतो. तेथील वेड्यांच्या इस्पितळांत असे रोगी पुष्कळ असत, आणि हा रोग संसर्गाचाच, असें अनेक डॉक्टर मानीत.

१९१४ सालीं सरकारनें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासास पाठविलें. रोग्यांना पेलाग्रा होतो, पण अहोरात्र त्यांच्यांत वावरणाऱ्या परिचारकांना होत नाहीं, हें त्यांनीं हेरलें. गरिबांच्या ताटांत मक्याचें पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. दूध, अंडीं, मांस यांचा दुष्काळ! जॉर्जियांतील मिलेजव्हिलच्या इस्पितळांत दोन कक्षांचा आहार त्यांनीं सुधारला, आणि तेथें रोग पुन्हा उलटला नाहीं. १९१५ सालीं मिसिसिपींतील कैद्यांना शिक्षामाफीच्या बोलीवर निकृष्ट अन्न दिलें; ११ पैकीं ६ जणांना रोग जडला. हा सौदा मला रुचत नाहीं. मात्र पुढल्याच वर्षीं त्यांनीं रोग्यांचें रक्त स्वतःस टोंचून घेतलें, पत्नीनेंही घेतलें. रोग कोणालाच झाला नाहीं. तरी विरोधक बधले नाहींत. आपल्या प्रांताचें दारिद्र्य असें उघडें पडणें दक्षिणेंतील पुष्कळांना अपमानास्पद वाटे.

गोल्डबर्गर १९२९ मध्यें वारले. आहारांत उणें असलेलें द्रव्य निकोटिनिक आम्ल होय, याचा उलगडा १९३७ मध्यें एल्व्हेजम यांच्या प्रयोगांनीं झाला. आपल्या दख्खनमध्यें केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही हा रोग आढळे, हैदराबादच्या डॉ. गोपालन यांनीं १९६० मध्यें त्याची मीमांसा मांडली.