मोडलेले हाड कसे जुळते?

हाड मोडले की प्लास्टर घालतात. पण प्लास्टर हाड जोडत नाही. ते मोडलेली टोके न हलता जागेवर धरून ठेवते. जोडण्याचे काम हाड स्वतःच करते.

मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ कूर्चा तयार होऊन दोन्ही टोके सांधली जातात. त्यात कॅल्शियम व फॉस्फरसचे क्षार साठत गेले की साधारण ६ ते १२ आठवड्यांत हा सांधा कठीण होतो. त्यानंतर कित्येक महिने जादा भाग झिजून हाड मूळ आकाराकडे येते. मुलांची हाडे लवकर जुळतात. धूम्रपान, मधुमेह व कुपोषण यांमुळे उशीर लागतो.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेल्यावर हृदय, स्नायू व मज्जातंतूंचे काम चालते. आहारात ते कमी पडले की परावटू ग्रंथींच्या संप्रेरकामुळे हाडांतील कॅल्शियम रक्तात येते. म्हणून रक्ततपासणीत कॅल्शियम ठीक दिसले, तरी हाडे आतून विरळ झालेली असू शकतात. मग साध्या पडण्यानेही मनगट किंवा खुबा मोडतो. रजोनिवृत्तीनंतर हा धोका वाढतो. लहान मुलांना मुडदूस होऊन पाय वाकतात.

प्रौढांना रोज सुमारे १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, तीळ व नाचणीतून ते मिळते. मात्र ते नीट शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे, आणि त्यासाठी अंगावर ऊन.