पाऊस बेभरवशाचा, तरी प्राणी भरपूर! केनियातलं सांबुरू जगतं कसं?

केनिया म्हटलं की मसाई मारातलं गवताळ रान आठवतं. पण याच देशाच्या उत्तरेकडे सुमारे 165 चौरस किलोमीटरचं सांबुरू नॅशनल रिझर्व्ह आहे. हा भाग निमशुष्क. पाऊस साधारण मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन हंगामांत येतो, तोही खात्रीचा नाही.

इथल्या पाच प्राण्यांना 'स्पेशल फाइव्ह' म्हणतात: गेरेनुक, बायसा ओरिक्स, ग्रेव्ही झेब्रा, जाळीदार जिराफ आणि सोमाली शहामृग. लांब मानेचं गेरेनुक मागच्या पायांवर उभं राहून उंचावरची पानं खातं आणि त्यातल्या ओलाव्यावरच बरंचसं भागवतं. ओरिक्स उन्हात शरीराचं तापमान वाढू देतो, त्यामुळे घामावाटे पाणी कमी जातं.

हत्ती आणि ग्रेव्ही झेब्र्यांना मात्र प्यायला पाणी लागतंच. त्यांचा आधार म्हणजे एवासो न्यिरो नदी. तिचं पाणी माउंट केनिया आणि अबरडेअर डोंगरांवरून येतं. वरच्या भागात शेतीसाठी उपसा वाढला की खाली प्रवाह आटतो.

2009 च्या दुष्काळात इथे नदी कोरडी पडली. मार्च 2010 मध्ये तिलाच पूर येऊन काठावरचे कॅम्प उद्ध्वस्त झाले. पुढे 2020 च्या अखेरीपासून सलग पाच हंगाम पावसाने दगा दिला आणि अनेक ग्रेव्ही झेब्रे दगावले. जगात ते जेमतेम 3,000 उरलेत, त्यातले बहुतेक केनियात. त्यामुळे सांबुरू वाचवायचं, तर डोंगरावरच्या पाण्याचाही हिशेब ठेवावा लागेल.