पाठीचे कूबड आणि पायांतले बळ

पाठीला कूबड येऊन पाय लुळे पडलेल्या माणसाकडे पूर्वी हताशपणे पाहिले जाई. मणका वाकला, आतला मज्जारज्जू चिरडला, आता इलाज नाही, अशी समजूत होती. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या दुखण्यावर पुस्तिका लिहिली. या रुग्णांचे पाय ढिले पडत नाहीत, उलट ताठरतात, हे त्यांनी टिपले. मूळ दोष वाकण्यात नसून हाडाच्या सडण्यात आहे, असे सांगून त्यांनी कुबडाशेजारी जखम करून ती वाहती ठेवण्याचा उपाय सुचवला. उपाय मागे पडला, पण दुखण्याला त्यांचे नाव राहिले.

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला आणि हाडाच्या सडण्याचे कारण उलगडले. रज्जूवर दाब आणतो तो बहुधा पू आणि सडका भाग; म्हणूनच तो ओसरू शकतो. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि औषधांचे युग सुरू झाले. पुढे हाँगकाँगच्या शल्यवैद्यांनी छातीच्या बाजूने शिरून रोगट हाड काढण्याचा पुरस्कार केला. वाराणसीचे डॉ. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यममार्ग’ मांडला: आधी औषधे, पाय सुधारत नसतील किंवा बिघडत असतील तरच शस्त्रक्रिया. खाटा थोड्या आणि रुग्ण फार, अशा आपल्या देशाला तो मानवला.

क्षय हे एकच कारण नव्हे. अपघात, सरकलेली चकती, मानेच्या मणक्यांची झीज, कर्करोगाची गाठ यांनीही रज्जू दाबला जातो. १८८७ मध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी रज्जू दाबणारी गाठ काढली आणि लुळा पडलेला रुग्ण पुन्हा चालू लागला.

या इतिहासाचा बोध एकच: दाब किती काळ राहिला, यावर बरेच काही ठरते. आपल्या घरांत पाठदुखीला ‘उसण भरली’ म्हणून शेक देण्याची रीत आहे. पण रात्री वाढणारी पाठदुखी आणि त्यासोबत बारीक ताप वा घटणारे वजन असेल, तर शेकावर थांबू नये. पाय जड वाटणे, पायातली चप्पल निसटली तरी न कळणे, छातीपोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे या खुणा दिसताच डॉक्टर गाठावा. लघवी अडली किंवा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पॉट यांच्या रुग्णांपाशी एमआरआय नव्हते, औषधेही नव्हती. आपल्यापाशी दोन्ही आहेत. फक्त उशीर आपला नसावा.